घरात मधुमेह आल्यावर : नाशिकच्या कुटुंबांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

टाइप २ मधुमेहाचे निदान घरातल्या एका व्यक्तीचे होते, परंतु त्यानंतर बदल करावा लागतो तो महिन्याच्या किराण्यात, रात्रीच्या जेवणाच्या वेळेत, उपवासाच्या फराळात आणि पाहुणचाराच्या रीतीत. आणि यांपैकी बऱ्याच गोष्टी एकट्या रुग्णाच्या हातात नसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सिडकोतली इमारत असो की पंचवटीतला जुना वाडा, हा आजार आता कोणालाच नवा नाही. तरीही निदान झाल्यावर पहिल्या महिन्यात घरात नेमके काय करायचे, हे शांतपणे सांगणारे कोणी सहसा भेटत नाही.

मधुमेही व्यक्तीसाठी वेगळे पातेले चढवणाऱ्या घरात पथ्य काही महिन्यांत सुटते आणि सगळ्या घराचे ताट थोडेथोडे बदलले तर ते वर्षानुवर्षे टिकते, असे मी पुनःपुन्हा पाहिले आहे. पुढचे सगळे विवेचन त्या निरीक्षणावर आधारलेले आहे. औषधांविषयी येथे जे लिहिले आहे ते समजून घेण्यासाठी आहे; गोळी सुरू करणे, बंद करणे किंवा तिची मात्रा बदलणे हा निर्णय आपल्या डॉक्टरांचाच राहील.

पहिला आठवडा : तपासणीचे कागद सगळ्यांनी मिळून वाचा

बहुतेक घरांत तपासणीचा कागद एकच जण वाचतो आणि बाकीच्यांना "साखर वाढली आहे" एवढेच कळते. त्याऐवजी एका संध्याकाळी घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून तीन आकडे समजून घ्यावेत. उपाशीपोटीची साखर १२६ (येथे साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत) किंवा त्याहून अधिक असेल, ग्लुकोज पाजून दोन तासांनी मोजलेली साखर २०० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर मधुमेह मानतात. लक्षणे नसतील तर निदान पक्के करण्यापूर्वी तपासणी पुन्हा करतात. उपचार सुरू झाल्यावर बहुतेक प्रौढांसाठी एचबीएवनसी ७ टक्क्यांच्या खाली, जेवणापूर्वीची साखर ८० ते १३० आणि जेवणानंतरची १८० च्या खाली असावी, असे उद्दिष्ट असते. वयोवृद्ध, हृदयविकार असलेल्या किंवा साखर वारंवार उतरणाऱ्या व्यक्तीसाठी डॉक्टर हे उद्दिष्ट मुद्दाम सैल ठेवतात. म्हणून शेजाऱ्यांच्या आकड्याशी आजोबांचा आकडा ताडून पाहू नये.

एचबीएवनसीच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि ज्यांच्या लाल रक्तपेशी लवकर नष्ट होतात त्यांचा एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. उलट, लोहाच्या कमतरतेने झालेल्या रक्तक्षयात तो काहीसा जास्त दिसू शकतो, आणि हा रक्तक्षय तर आपल्या घरोघरच्या बायकांमध्ये असतो. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा घराण्यात सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे, म्हणजे ते बोटाच्या रक्तावरील नोंदींना अधिक महत्त्व देतील.

"आमचे दादा तर बारीक आहेत, त्यांना कशी साखर?" हा प्रश्न हमखास येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबरचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय शरीरातही पोटाभोवती चरबी साठते आणि ती इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते. म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही घरात असावी. पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की काळजी घेण्याची वेळ आली, असे समजावे.

याच काळात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंडांसाठी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन, तसेच कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि पायांची तपासणी एकदा करून घ्यावी. टाइप २ मधुमेह निदानापूर्वी अनेक वर्षे गुपचूप असू शकतो, म्हणून डोळ्यांची तपासणी "नंतर पाहू" म्हणून ढकलू नये. पुढे या तपासण्या साधारणपणे दर वर्षी कराव्या लागतात. वाढदिवसाच्या महिन्याला त्या जोडून टाकल्या तर विसरत नाहीत. खर्चाची अडचण असेल तर सरकारी सोय आहे हे ध्यानात असू द्यावे : तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते, आणि ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे आपल्या जिल्हा रुग्णालयातही, उपचार मोफत आहेत. जनऔषधी केंद्रात नेहमीच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात.

स्वयंपाकघरापूर्वी कामांची वाटणी

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच पुढची सगळी घडी विस्कटते. मधुमेह वडिलांना झाला तर आई पथ्याचे करते, गोळ्यांची वेळ सांभाळते, तपासणीची आठवण करते. मधुमेह आईलाच झाला तर? ती सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून संपवते, चहाच्या वेळी उभ्यानेच दोन टोस्ट खाते आणि रात्रीची गोळी दहाला घ्यायची की अकराला, हे पाहुण्यांवर अवलंबून असते. तिला पथ्याचा कागद देऊन काहीच साधत नाही.

अशा घरात तीन गोष्टी ठरवाव्यात. तिचे जेवण पहिल्या पंगतीला आणि ठरलेल्या वेळी व्हावे. उरलेले अन्न कोण संपवणार हे तिच्यावर सोडू नये; भात मापाने शिजवावा. आणि दिवसातला अर्धा तास तिच्या चालण्यासाठी मोकळा राहील अशा रीतीने मुलांनी आणि नवऱ्याने एखादे काम कायमचे अंगावर घ्यावे, मग ते भाजी निवडणे असेल की सकाळचे डबे भरणे. घरकामात दमणूक होते म्हणून व्यायाम झाला असे धरून चालू नये. धाप लागेल असे सलग चालणे वेगळे.

बाकी घरांत एकाने औषधे आणि त्यांचा साठा, दुसऱ्याने तपासण्यांची फाइल आणि तिसऱ्याने बाजारहाट पाहावा. ज्याला इंग्रजी वाचता येते त्याने गोळ्यांची नावे, मात्रा आणि वेळा मोठ्या मराठी अक्षरांत लिहून फ्रिजवर लावाव्यात.

ताट

मधुमेहाचा आहार म्हणजे कारले, मेथीदाणे आणि फिके वरण, ही समजूत सोडून द्यावी. आपले मराठी ताट मुळात चांगले आहे, फक्त त्यातली प्रमाणे बिघडली आहेत. डावीकडे चमचाभर कोशिंबीर, उजवीकडे पळीभर भाजी आणि मध्ये चार पोळ्या व भाताचा डोंगर, असे आज बहुतेक ताटांचे रूप असते. निम्मे ताट भाजी, पालेभाजी आणि कोशिंबिरीने भरावे, पाव ताट उसळ, घट्ट वरण, अंडी, मासे किंवा पनीर यांचे असावे आणि उरलेल्या पाव भागात पोळी, भाकरी किंवा भात बसवावा. हे ताट घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही तितकेच चांगले आहे, आणि म्हणूनच ते सगळ्यांना एकसारखे वाढता येते.

सुरुवात पिठापासून करावी. साधारण ५० ग्रॅम पिठाची ज्वारी-बाजरीची भाकरी सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदके देते. २५ ग्रॅम कणकेची पातळ पोळी त्याच्या निम्मी. म्हणजे "पोळी सोडली, आता फक्त भाकरी" असे म्हणून कोणी तीन जाड भाकरी खात असेल तर साखर उतरणार कशी? एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर आपल्या घरच्या भाकरीचा गोळा मोजून पाहावा. बऱ्याच घरांत तो ७० ग्रॅमच्या पुढे भरतो. कणीक चाळून कोंडा टाकू नये. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी चांगली, पण त्याच नागलीचे शिजवलेले पातळ सत्त्व झटकन पचते आणि साखर लवकर चढवते. आजारी माणसाला पौष्टिक म्हणून रोज पेलाभर देणे मधुमेहात योग्य नाही.

भात पूर्ण बंद करण्याची गरज बहुधा नसते. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅमला, म्हणजे एका मध्यम वाटीला, सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. वाटीने मोजून घ्यावा आणि भात असेल त्या जेवणात पोळी एकाने कमी करावी. खाण्याच्या क्रमाचाही उपयोग होतो : आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ-वरण आणि शेवटी पोळी-भात, असे जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. यासाठी काहीही विकत आणावे लागत नाही.

चहात साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला की झाले, असे मानणारी घरे अजून पुष्कळ आहेत. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने तिन्ही जवळजवळ सारखेच. साखर एका दिवसात बंद करण्यापेक्षा दर आठवड्याला सगळ्यांच्या चहातली अर्धा चमचा कमी करत जावी. महिन्याभरात जीभ सरावते आणि दोन भांड्यांत दोन चहा करण्याची वेळ येत नाही. कपाबरोबर येणारी खारी, टोस्ट आणि बिस्किटे मैद्याची असतात, म्हणून त्यांचे डबे घरात भरूच नयेत. त्यांच्या जागी भाजलेले फुटाणे, मूठभर शेंगदाणे, काकडी ठेवावी. चिवडा-भत्ता नाशिककरांच्या जिव्हाळ्याचा आहे हे खरे. तो परातीत मधोमध ठेवण्याऐवजी प्रत्येकाला लहान वाटीत द्यावा.

मिसळ, द्राक्षे, उपवास आणि आखाजी

रविवारची मिसळ बंद करा म्हणून सांगणारा सल्ला नाशिकमध्ये कोणी पाळणार नाही, आणि तशी गरजही नाही. मिसळीतली मटकी ही प्रथिने आणि तंतू देणारी उत्तम गोष्ट आहे. अडचण आहे ती पावांची, शेव-फरसाणाची, तर्रीवर तरंगणाऱ्या तेलाची आणि ताटात सोबत येणाऱ्या जिलेबीची. उसळ जास्त मागून घ्यावी, कांदा, लिंबू आणि दही घ्यावे, तर्री बाजूला ठेवावी, पाव एकच घ्यावा आणि जिलेबी लहान मुलांना द्यावी. महिन्यातून दोन रविवार मिसळ घरीच केली तर मोडाची मटकी वाटीभर वाढवता येते आणि वरचे फरसाण चमच्यावर आणता येते.

द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, निफाड-दिंडोरीकडच्या नातेवाइकांकडून पेट्या येतात आणि डायनिंग टेबलावर द्राक्षांची परात दिवसभर भरलेली राहते. १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण १६ ग्रॅम साखर असते. म्हणजे पंधरा-वीस मणी वाटीत घेऊन, जेवणाला जोडून न खाता मधल्या वेळी खाल्ले तर बहुतेकांना चालते, पण येता-जाता तोंडात टाकलेल्या मण्यांचा हिशेब लागत नाही. परात उचलून द्राक्षे फ्रिजमध्ये ठेवणे हाच त्यावरचा साधा इलाज आहे. बेदाण्यांत पाणी उडून साखर तेवढीच राहते, म्हणून मूठभर बेदाणे "सुका मेवा चांगला असतो" या नावाखाली खाऊ नयेत. फळ चावून खावे. रस, मग तो उसाचा असो की द्राक्षांचा, टाळावा.

उपवासाविषयी अधिक सावध राहायला हवे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा आणि वर गोड दही किंवा राजगिऱ्याचा लाडू आला की एका एकादशीला साखर इतर दिवसांपेक्षा जास्त चढते. एक वाटी भगर, दाण्याची आमटी, काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर, ताक आणि एखादे पेरू असा फराळ बरा. भगरीतही कर्बोदके भरपूर असतात, तेव्हा ती भातासारखीच मोजावी. निर्जळी किंवा दिवसभर निरंकार उपवास करायचा असेल, नवरात्राचे नऊ दिवस धरायचे असतील, तर आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांचे वेळापत्रक बदलून घ्यावे. ग्लिमेपिराइडसारखी, स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावणारी गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक उतरू शकते, आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गटातील गोळी घेत असताना लांबलेल्या उपवासात शरीरात आम्लता वाढण्याचा, म्हणजे किटोअॅसिडोसिसचा, धोका असतो. सासूबाईंचे व्रत मोडायला लावण्यापेक्षा व्रताचे रूप बदलावे. आजारपणात उपवास शिथिल करण्याची मुभा आपल्या परंपरेतही आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणपोळी किंवा मांडे आणि आमरस एकाच ताटात येतात. त्या दिवशी दोन्हींपैकी एक निवडावे, पुरण घरी केलेले असल्यास गूळ नेहमीपेक्षा कमी घालावा, आणि त्या जेवणात भात घेऊ नये. जेवून लगेच झोपण्याऐवजी घरातल्या सगळ्यांनी पंधरा मिनिटे फेरी मारावी.

घरी साखर मोजणे : जोडीने मोजा, वहीत लिहा

पुष्कळ घरांत ग्लुकोमीटर असतो, पण दररोज फक्त सकाळची उपाशीपोटीची साखर मोजली जाते आणि त्या आकड्यावरून दिवसभराचा मूड ठरतो. त्या एका आकड्याने कोणत्या जेवणाने काय केले हे कळत नाही. पट्ट्या महाग असतात, म्हणून त्या विचाराने वापराव्यात. आठवड्यातून दोन दिवस एखादे जेवण निवडावे, पहिल्या घासापूर्वी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा मोजावे. समजा, मंगळवारी रात्री दोन पोळ्या, भात आणि बटाट्याची भाजी असताना आकडा १२० वरून २३० झाला, आणि पुढच्या मंगळवारी तेवढ्याच पोळ्या, मेथीची भाजी, मटकीची उसळ आणि भात वर्ज्य केल्यावर तो ११८ वरून १६५ वर थांबला, तर घराला जे उमजते ते कोणत्याही व्याख्यानाने उमजत नाही. वहीत आकड्याशेजारी काय खाल्ले हे लिहिलेच पाहिजे. इन्शुलिन घेणाऱ्यांना मात्र डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे अधिक वेळा मोजावे लागते.

मोजण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. ही औपचारिकता नाही. नुकतीच द्राक्षे सोललेल्या किंवा गूळ फोडलेल्या बोटावर साखरेचा सूक्ष्म थर राहतो आणि रक्ताचा थेंब त्यात मिसळला की आकडा भलताच वर जातो. अशा खोट्या आकड्यावर इन्शुलिनची मात्रा वाढवली तर अनर्थ ओढवेल. सुई बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचावी, दर वेळी बोट बदलावे आणि एकाची सुई दुसऱ्याला कधीही वापरू नये. पट्ट्यांची बाटली घट्ट बंद ठेवावी.

गोळ्या आणि इन्शुलिन

मेटफॉर्मिन ही मधुमेहात बहुधा सर्वांत आधी दिली जाणारी गोळी जेवणाबरोबर घेतली तर मळमळ आणि जुलाबाचा त्रास कमी होतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत तो बहुधा ओसरतो. वर्षानुवर्षे ही गोळी घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकते. शाकाहारी घरात तर ते अधिक संभवते. तळपायाला मुंग्या येत असतील तर ही तपासणी करून घ्यावी. गोळी विसरली तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत.

इन्शुलिन सुरू झाले म्हणजे शेवटची अवस्था आली, असा घरातल्या वडीलधाऱ्यांचा समज असतो, आणि त्या भीतीने कित्येक वर्षे साखर ३०० च्या घरात ठेवली जाते. स्वादुपिंडाची इन्शुलिन तयार करण्याची ताकद काळाबरोबर कमी होत जाते, हा या आजाराचाच स्वभाव आहे. त्यात रुग्णाचा दोष नाही. न उघडलेल्या कुप्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवाव्यात, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारण चार आठवडे घरातल्या तापमानाला चालते, पण एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा ४० अंशांपर्यंत जातो तेव्हा ती गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या घरात ठेवू नये. फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्यात, भोवती ओले फडके गुंडाळून, पिशवीत कोरडी राहील अशी ठेवावी.

"मधुमेह मुळापासून घालवतो" असे सांगून विकल्या जाणाऱ्या चूर्णांपायी चालू औषधे बंद करू नयेत. निदानानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बरेच वजन उतरवल्यास काहींची साखर औषधांशिवाय सामान्य राहू शकते. ब्रिटनमधील २०१७ च्या एका अभ्यासात आहाराच्या कडक कार्यक्रमानंतर जवळपास निम्म्या सहभागींमध्ये हे दिसले. ते वैद्यकीय देखरेखीखाली झाले, आणि त्यांनाही पुढे नियमित तपासण्या चुकलेल्या नाहीत.

साखर उतरली तर : हे घरातल्या मुलांनाही यायला हवे

रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरणे, घाम, धडधड, अचानक भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसतात. शुद्धीवर असलेल्या व्यक्तीला लगेच तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. अजून ७० च्या खाली असल्यास तेवढीच पुन्हा द्यावी. आकडा वर आल्यावर पोळी-भाजी किंवा दूध-पोळी असे काही खायला द्यावे. पेढा किंवा चॉकलेट यासाठी योग्य नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्यांमुळे साखर उतरली असेल तर ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून वृद्ध किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या व्यक्तीला एकदा बरे वाटले तरी रुग्णालयात दाखवावे.

आपल्याकडे हा प्रसंग कुठे ओढवतो हेही पाहायला हवे. द्राक्षबागेत पहाटे फवारणीला जाणारा शेतकरी घाईत अशी गोळी घेतो आणि न्याहारी "आल्यावर करू" म्हणून निघतो. दोन तासांनी घाम फुटून भोवळ आली की सोबतच्यांना वाटते, औषधाचा वास चढला. फवारणीच्या विषबाधेतही घाम आणि गोंधळलेपणा दिसतो, म्हणून साखर मोजून पाहणे आणि कोणत्याही स्थितीत लवकर डॉक्टरांकडे नेणे महत्त्वाचे. ट्रॅक्टरच्या पेटीत ग्लुकोजची पुडी कायम असावी आणि न्याहारीशिवाय ती गोळी घ्यायचीच नाही, असा घरचा नियम असावा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांनी आपली पाळी डॉक्टरांना सांगून रात्रपाळीच्या आठवड्यासाठी गोळ्यांचे वेगळे वेळापत्रक लिहून घ्यावे. अशी औषधे घेणाऱ्याने दुचाकी काढण्यापूर्वी साखर पाहावी आणि ती ९० च्या खाली असेल तर आधी खाऊन घ्यावे.

पाय

रोज रात्री झोपण्यापूर्वी पाय पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे. म्हाताऱ्या माणसाला वाकता येत नाही, नजरही अधू असते. तेव्हा नातवंडाने किंवा सुनेने तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. लालसर भाग, फोड, भेग, ओलसर पांढरी झालेली कातडी किंवा रुतलेला काटा दिसला तर दुसऱ्याच दिवशी दाखवावे. मज्जातंतू बधिर झालेल्या पायाला दुखत नाही, त्यामुळे "दुखत नाही म्हणजे काही नाही" हे येथे लागू पडत नाही. गरम पाण्यात पाय घालून ते किती गरम आहे हे पाहू नये, कोपराने पाहावे. पायाला झालेले कुरूप ब्लेडने कापू नये.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी किंवा सप्तशृंग गडाची पायी वारी अनेक घरांत अनवाणी केली जाते. पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीने ती अनवाणी करू नये, असे मी ठामपणे सांगेन; चिखल, खडे आणि ओल्या पायांनी चाललेले तास एका न दिसणाऱ्या जखमेला पुरेसे असतात. नवे बूट घालूनही निघू नये, वापरून सैल झालेले बूट आणि जाड सुती मोजे घालावेत. भर उन्हात रामकुंडाच्या फरशीवर किंवा मंदिराच्या आवारात जाताना पायांत मोजे असू द्यावेत.

चालणे

आठवड्याला एकूण १५० मिनिटे दमदार चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, एवढे पुरेसे आहे. गोल्फ क्लब मैदान, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोदापार्क यांपैकी जवळचे ठिकाण धरावे. पावसाळ्यात इमारतीच्या जिन्यावर भागवावे. वेळ मिळत नसेल तर प्रत्येक जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटेही जेवणानंतरच्या साखरेवर चांगला परिणाम करतात. नवरा-बायको बरोबर चालली तर ही सवय सहसा सुटत नाही.

ताप, उलट्या, जुलाब

आजारपणात खाणे कमी झाले तरी साखर वाढू शकते. दर चार तासांनी मोजावे, पाणी, ताक, सूप थोडेथोडे देत राहावे आणि इन्शुलिन मनाने बंद करू नये. उलट्या-जुलाबाने शरीरातले पाणी कमी होत असेल तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या काही काळ थांबवाव्या लागतात. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करावी, कारण मधुमेहात क्षयरोगाची शक्यता दोन-तीन पटींनी वाढते.

घरातले बोलणे

"आई, पुन्हा गोड खाल्लंत ना?" या प्रश्नातून पुढच्या वेळी गोड लपवून खाल्ले जाण्यापलीकडे काही निष्पन्न होत नाही. "आई, आज जेवणानंतर मोजून पाहूया का?" असे म्हटले तर आकडा दोघींचा होतो. चारचौघांत, विशेषतः लग्नकार्यात, कोणाच्या ताटावर बोलू नये. आग्रह करणाऱ्या यजमानाला घरच्यांनीच "त्यांना पुरे" असे सांगावे, म्हणजे नकार देण्याचे ओझे त्या व्यक्तीवर पडत नाही. आणि एखाद्या दिवशी पथ्य मोडले तर तो दिवस वहीत लिहून सोडून द्यावा.

मधुमेहाबरोबर उदासी येणे असामान्य नाही. झोप उडाली, कशातच रस वाटेना, औषधे मुद्दाम टाळली जाऊ लागली, तर त्याला आळस किंवा हट्ट समजू नये. ते डॉक्टरांना सांगण्याचे लक्षण आहे.

मुलांची आणि सुनांची तपासणी

आई किंवा वडिलांना टाइप २ मधुमेह असल्यास मुलांनी तिसाव्या वर्षाची वाट पाहू नये. वजन किंवा कमरेचा घेर वाढलेला असेल तर आधीच तपासणी करून घ्यावी. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ ही उंबरठ्याची अवस्था होय. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात अशा व्यक्तींनी वजन सुमारे ७ टक्क्यांनी उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. आजोबांसाठी बदललेले ताट नातवापर्यंत पोहोचवण्याचे खरे कारण हेच आहे.

ज्या सुनेला किंवा लेकीला गरोदरपणात साखर वाढल्याचे निदान झाले होते, तिची साखर बाळंतपणानंतर सहसा उतरते आणि मग ती फाइल कपाटात जाते. तसे होऊ देऊ नये. बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत तिची ग्लुकोज पिऊन तपासणी करावी आणि त्यानंतर दर एक ते तीन वर्षांनी साखरेची तपासणी आयुष्यभर करत राहावी. बाळाच्या लसीकरणाच्या तारखा घरात सगळ्यांना पाठ असतात. त्याच कार्डाच्या मागे आईच्या तपासणीची तारीख लिहून ठेवावी आणि त्या दिवशी बाळाला सांभाळायला कोण थांबणार हे आधीच ठरवावे.